भांडे रिकामे धाडू नये

॥ श्री ॥



दर महिन्याच्या या पत्रिकेत चार शब्द लिहिण्याचा मान आमच्या तीर्थरूप वडिलांचा. या खेपेस त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यामुळे त्यांना लेखन-वाचन वर्ज्य आहे, आणि म्हणून हे काम त्यांनी आमच्यावर सोपविले आहे. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपुरतेच. शास्त्राचा अधिकार तर मुळीच नाही. लहानपणापासून देवघरातल्या समया घासल्या, प्रसादाची पाने मांडली, आणि वडील पुराण सांगत असता त्यांच्या मागे बसून ऐकले, एवढीच आमची पुंजी. तेव्हा मोठ्या तत्त्वाच्या वाटेस न जाता, आपणां सर्वांच्या घरी नित्य घडणारी एक लहानशी गोष्ट घेऊन तिच्याविषयी लिहावे असे योजिले आहे. ती गोष्ट म्हणजे शेजारून आलेले भांडे परत करणे.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु या क्षुल्लक विषयात आमच्या हातून एक मोठी चूक घडली आहे, आणि ती सांगितल्यावाचून हे चार शब्द लिहिण्याचा आम्हांस हक्क नाही.

गायकवाडांच्या राज्यात आपले पूर्वज या बडोद्यास आले आणि पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहिले. घरातली भाषा मराठी राहिली, पण शेजार गुजराती मिळाला, आणि तो फार चांगला मिळाला. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील देवघेवीस गुजराती लोक 'वाटकी व्यवहार' म्हणतात. शब्द किती नेमका आहे पाहा! ज्या दोन घरांमध्ये वाटीची ये-जा आहे, त्या घरांचा एकमेकांशी संबंध आहे. मग त्यांची जात, भाषा वा कुलदैवत काहीही असो. आपल्याकडून होळीस पुरणपोळी जाते, पाडव्यास श्रीखंड जाते. त्यांच्याकडून उत्तरायणाला उंधियुं येते, सातमीला थेपले येतात. आणि आलेली वाटी परत जाताना ती रिकामी जाऊ नये, हा दंडक उभय घरी सारखाच पाळला जातो.

आम्ही आठ-नऊ वर्षांचे असतानाची आठवण आहे. शेजारच्या घरून वाडगाभर बासुंदी आली होती. दुसऱ्या दिवशी मातोश्रींनी तो वाडगा घासून, पुसून, त्यात चिमूटभर साखर घातली आणि परत देऊन येण्यास आम्हांस सांगितले. आम्ही नुकतेच शाळेत वजाबाकी शिकलो होतो. आम्ही विचारले, "आई, त्यांनी वाडगाभर बासुंदी दिली आणि तू चिमूटभर साखर देतेस. हा हिशेब कसा जमला?"

मातोश्री म्हणाल्या, "हिशेब जमवायचाच नाही, म्हणून तर साखर घालायची. हिशेब जमला की येणेजाणे संपले."

त्या वेळी याचा अर्थ आम्हांस कळला नाही. दुकानदाराचे जितके देणे तितके पैसे मोजून दिले की खाते बंद होते. त्याचा आपला संबंध तेथे सरतो. शेजारधर्माचे खाते असे बंद करावयाचे नसते. बासुंदीच्या बदल्यात मोजून तितकीच बासुंदी दिली, तर तो व्यवहार झाला. चिमूटभर साखर ही परतफेड नव्हेच. 'तुम्ही दिलेले पोचले, आम्ही गोड मानले, आमचेही दार उघडे आहे' एवढाच तिचा अर्थ.

वडिलांना आम्ही पुढे एकदा या साखरेविषयी विचारले, तेव्हा त्यांनी ऋणाची गोष्ट सांगितली. तैत्तिरीय संहितेत म्हटले आहे की ब्राह्मण जन्मास येतो तोच तीन ऋणे घेऊन येतो: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणात त्यांत चौथे जोडलेले आहे, ते मनुष्यांचे. आता या ऋणांची भरपाई कोण करू शकेल? सूर्याने आयुष्यभर प्रकाश दिला, त्याची किंमत काय देणार? आई-बापांनी जन्म दिला, तो कोणत्या मापाने मोजून परत करणार? म्हणून शास्त्राने फार दयाळूपणाने आपली सोय लावली आहे. सूर्याला ओंजळभर पाण्याचे अर्घ्य द्यावे. पितरांना तिळमिश्रित पाण्याची अंजली द्यावी. देवापुढे वाटीभर नैवेद्य ठेवावा. गीतेच्या नवव्या अध्यायात तर भगवंतांनी स्वतःच पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यावर आपली मागणी आणून ठेविली आहे; अट एकच, ते भक्तीने दिलेले असावे. वडील म्हणाले, "ही सगळी चिमूटभर साखरच आहे रे. देवही हिशेब जमवून मागत नाही. तो एवढेच पाहतो की भांडे परत आले की नाही."

'भांडे परत आले की नाही' हे शब्द त्या दिवशी आम्ही कानाआड केले. त्यांचे मोल पुढे कळले, ते असे.

२०२१ सालच्या एप्रिल महिन्यात करोनाची दुसरी लाट आली. ते दिवस आपणांपैकी कोणीही विसरलेले नाही. मंदिर दर्शनासाठी बंद होते. वडील एकटेच जाऊन पूजा-आरती करीत आणि कुलूप लावून परत येत. अशात त्यांना ताप आला, आणि दोन दिवसांत मातोश्रीही अंथरुणास खिळल्या. घरात उभे राहू शकणारे असे आम्ही एकटेच उरलो. वय विसाच्या आसपास. स्वयंपाकात भात लावण्यापलीकडे गती नाही. औषधे आणावी, ताप मोजावा, की चूल पाहावी, हे कळेना. दूर राहणारे नातलग फोनवर विचारपूस करीत. पण दाराशी येण्याची कोणास छाती नव्हती, आणि त्यात त्यांचा दोषही नव्हता.

आमच्या घरापासून दोन घरे सोडून एक मासी राहत. वय सत्तरीच्या पुढे, यजमान पूर्वीच निवर्तलेले, मुलगा नोकरीनिमित्त सुरतेस. त्या एकट्याच राहत. आमच्या घरी दोघे आजारी असल्याचे कळले त्याच दुपारी दाराची घंटा वाजली. दार उघडून पाहतो तो ओटल्यावर कडीचा स्टीलचा डबा ठेवलेला, चार कप्प्यांचा, आणि मासी चार पावले दूर, पदर नाकाशी धरून उभ्या. वरच्या कप्प्यात रोटली, खालच्यात शाक, त्याखाली दाळ, सर्वांत खाली भात. प्रत्येक कप्प्यावर त्यांच्या यजमानांचे नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले होते. घासून घासून ते पुसट झाले होते.

असा तो डबा सतरा दिवस आला. त्यात एकही खाडा पडला नाही. सत्तरीपुढची एकटी बाई, तिने त्या उन्हाळ्यात शेगडीपुढे उभे राहून चार माणसांचा स्वयंपाक सतरा दिवस केला. आम्ही रोज डबा घासून, गरम पाण्याने धुऊन ओटल्यावर ठेवीत असू, आणि त्या घेऊन जात.

अठराव्या दिवशी वडिलांनी प्रथमच मागून जेवण घेतले. हे आम्ही फोनवर सांगितले तेव्हा मासींना इतका आनंद झाला की संध्याकाळी त्या पुन्हा आल्या. या वेळी पूर्ण डबा नव्हता, त्यातला एकच कप्पा होता, आणि त्यात तुपाने न्हालेला शिरा. आम्ही म्हणालो, "मासी, कप्पा आत्ता रिकामा करून देतो." त्या हसून म्हणाल्या, "डबो क्यां भागी जवानो छे, दीकरा?" डबा कोठे पळून जाणार आहे, बाळा!

तो कप्पा आमच्या घरी राहिला.

मातोश्री उठून हिंडू-फिरू लागल्या तेव्हा त्यांनी तो घासून चिमूटभर साखरेसह पुढे ठेविला आणि म्हणाल्या, "देऊन ये." आम्हांस ते पटेना. जिने सतरा दिवस जेवू घातले, तिच्या भांड्यात चिमूटभर साखर? आम्ही म्हणालो, "आई, मला नोकरी लागते आहे. पहिला पगार झाला की यात पेढे भरून देईन." मातोश्री काही बोलल्या नाहीत. त्यांना वाटले असेल, मुलाचा भाव चांगला आहे, त्यास आड का यावे?

एका कापडाच्या दुकानात आम्हांस काम मिळाले. पहिला पगार आला, तो आजारपणात झालेले औषधांचे देणे फेडण्यात गेला. दुसऱ्या पगारात जुनी सायकल दुरुस्त केली. मग ठरविले की दिवाळीस फराळ भरून देऊ. तो मासी दिवाळीपूर्वीच मुलाकडे सुरतेस गेल्या आणि देवदिवाळी उलटल्यावर परत आल्या. मातोश्रींनी तो कप्पा पुन्हा एकदा काढून पुढे ठेविला; आम्ही पुन्हा उचलून फडताळात ठेविला. आता इतके दिवस झाल्यावर नुसती साखर घालून कसे द्यावे, काहीतरी चांगलेच द्यावयास हवे, असे मनाने घेतले. जितके दिवस लोटत तितकी त्या भांड्याची भरती मनात मोठी होत जाई, आणि जितकी ती मोठी होई तितके परत करणे अवघड होऊन बसे. पुढे पुढे तर मासी रस्त्यात दिसल्या म्हणजे आमची दृष्टी आपोआप खाली जाऊ लागली. त्या मात्र पूर्वीसारख्याच हसून वडिलांच्या प्रकृतीची चौकशी करीत. डब्याचे नाव त्यांनी एकदाही काढले नाही. आणि मग खरोखरच आमच्या विस्मरणात तो गेला.

२०२३ च्या उन्हाळ्यात मासी घर बंद करून कायमच्या मुलाकडे गेल्या. त्याच वर्षाच्या थंडीत त्यांचे देहावसान झाल्याचे कळले. वडिलांनी त्या दिवशी त्यांच्या नावाने देवापुढे दिवा लाविला. आम्हीही हात जोडले. कप्पा तेव्हाही आठवला नाही.

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात विश्वामित्रीला पूर आला, पाण्याची पातळी ३५ फुटांच्या वर गेली, आणि शहराच्या कितीतरी भागांत पाणी शिरले. आमच्या गल्लीतही गुडघाभर पाणी होते. धान्य आणि भांडी वाचविण्यासाठी आम्ही सर्व काही माळ्यावर चढवीत होतो. फडताळाच्या तळाशी हात घातला तो एका जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो कप्पा हाती आला. नाव अधिकच पुसट दिसत होते. आम्ही तेथेच खाली बसलो. खाली पाणी चढत होते आणि मातोश्री माळ्यावरून "दे ना वर" म्हणून हाका मारीत होत्या, तरी आम्हांस उठवेना.

पाणी ओसरल्यावर पहिल्या रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही सुरतेस गेलो. निघताना पेढे घेऊ म्हटले; मातोश्रींनी कप्पा हातातून घेतला, त्यात चिमूटभर साखर घातली आणि झाकण लावून परत दिला. आम्ही या वेळी एक शब्दही बोललो नाही.

मासींच्या सूनबाईंनी दार उघडले. आम्ही कोण हे सांगून कप्पा पुढे केला. त्यांनी तो हाती घेऊन उलटा-सुलटा करून पाहिला, काही न बोलता आत गेल्या आणि उरलेले तीन कप्पे व कडी घेऊन आल्या. चारही एकावर एक ठेवून त्यांनी वरून कडी दाबली. ती घट्ट बसली. मग त्या म्हणाल्या, "तीन कप्प्यांवर ही कडी बसत नव्हती, सैल राहायची. बा देवळात सत्संगाला जाताना जेवण घेऊन जायच्या, तेव्हा वर एक वाटी उपडी ठेवून सुतळीने बांधायच्या. मी म्हटलेसुद्धा, बडोद्याला फोन करून मागवून घेऊ. तर म्हणाल्या, नको. भांडे मागितले तर जेवणाची आठवण करून दिल्यासारखे होईल. त्यांना वाईट वाटेल."

बंधुभगिनींनो, या शब्दांवर आम्ही आणखी काय लिहावे? आमच्या घरी फडताळात एक भांडे निरुपयोगी पडून होते, आणि त्यापायी तिकडे एक वृद्ध माउली आपला डबा सुतळीने बांधीत होती. पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात पाच यम सांगितले, त्यांत अस्तेय आहे. दुसऱ्याचे न चोरणे हा त्याचा साधा अर्थ. आम्ही चोरी केली नव्हती, मनात लोभ नव्हता. उलट अधिक देण्याचीच इच्छा होती. तथापि वस्तू ज्याची होती त्याच्याजवळ नव्हती आणि आमच्याजवळ होती. चोरी झाली असती तरी याहून निराळे काय झाले असते?

आणि ज्या इच्छेचा आम्ही आधार घेत होतो ती इच्छा तरी कोणती होती? नीट तपासून पाहता आमच्या ध्यानात आले की ती कृतज्ञता नव्हती. कृतज्ञता असती तर ती साखर घेऊन त्याच दिवशी धावली असती. तो अभिमान होता. 'मी पुजाऱ्याचा मुलगा, मी कोणाच्या उपकाराखाली राहणारा नव्हे, मी भरभरून फेडीन' असा तो अभिमान. 'भांडे रिकामे धाडू नये' या सुंदर चालीचे आम्ही 'भरल्याशिवाय धाडू नये' असे करून टाकले, आणि त्यापायी भांडे धाडलेच नाही.

आमच्या मनात तेव्हापासून सुदाम्याची कथा निराळ्या प्रकारे येते. पोरबंदरास सुदाम्याचे मंदिर आहे. द्वारकेच्या यात्रेस जाताना आपणांपैकी पुष्कळांनी तेथे दर्शन घेतले असेल. भागवताच्या दशम स्कंधात सांगितले आहे की त्याच्या पत्नीने शेजारच्या घरांतून चार मुठी पोहे मागून आणले आणि फाटक्या वस्त्रात बांधून दिले. म्हणजे ती भेटही मुळात शेजाऱ्यांचीच! सुदामा द्वारकेत पोचला, तेथील वैभव पाहिले आणि लाजला. पोह्यांची पुरचुंडी त्याला बाहेर काढवेना. मान खाली घालून तो बसून राहिला. कथा ऐकताना आपले लक्ष पुढे झालेल्या राजवाड्याकडे जाते. परंतु भगवंतांनी स्वतः ती पुरचुंडी ओढून घेतली नसती तर काय झाले असते? सुदामा ते पोहे तसेच घरी परत घेऊन गेला असता. अंतर्यामी असल्यामुळे भगवंतांना ओढून घेता आले. शेजाऱ्याला तसे करता येत नाही. सभ्य माणूस आपले भांडे मागत नाही, आपले पैसे मागत नाही, आपल्या उपकाराची आठवण करून देत नाही. म्हणून माणसांशी वागताना पुरचुंडी आपली आपणच सोडावयास हवी, आणि ती लहान असली तरी सोडावयास हवी.

हीच गोष्ट पैशाच्या उसनवारीस लागू आहे. आम्ही काम करतो त्या दुकानात एक जुने गिऱ्हाईक होते. लग्नाचे कापड त्यांनी उधार नेले, थोडे पैसे राहिले. एकरकमी देऊ म्हणून ते थांबले. रक्कम जमेना, तेव्हा त्यांनी आमच्या रस्त्याने येणेच सोडले आणि मागच्या गल्लीतून वळसा घेऊन जाऊ लागले. आमचे मालक एकदा म्हणाले, "पैशाचे जाऊ द्या. रोज सकाळी दोन मिनिटे थांबून बोलणारा माणूस गेला, त्याचे मला दुःख आहे." त्या गृहस्थांनी शंभर रुपये जरी आणून दिले असते तरी त्यांचा रस्ता त्यांना मोकळा झाला असता.

एकाकडे अडकलेली वस्तू दुसऱ्या कोणाची तरी गैरसोय करते, हे आपल्या बडोद्यास निराळे सांगावयास नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून येथे सार्वजनिक मोफत पुस्तकालयांची पद्धत सुरू केली. तिच्यात फिरती पुस्तकालये होती. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठविल्या जात. एका गावाने पुस्तके वाचावी, पेटी परत करावी, मग ती दुसऱ्या गावी जावी. या सगळ्या योजनेचा पाया कोणता? घेतलेले परत येईल हा विश्वास. एका गावाने पेटी अडकवून ठेविली तर पुढल्या गावातील मुले पुस्तकावाचून राहणार. पेटी परत करणारा त्या पुढल्या गावास कधी पाहत नाही, पण त्याच्या प्रामाणिकपणाचे फळ तेथे पोचते.

आपल्या मंदिराची मोठी पातेली, पराती, झारे आणि सतरंज्याही अशाच आपल्या घरोघरच्या कार्यांसाठी फिरत असतात. मुंज असो, बारसे असो, श्राद्ध असो, भांडारातल्या वहीत नोंद करून वस्तू जातात. त्या वहीत परत आल्याच्या रकान्यात काही जागा कोऱ्या आहेत. वडील त्याविषयी कोणास विचारीत नाहीत, आणि आम्हीही येथे कोणाचे नाव काढणार नाही. स्वतः तीन वर्षे कप्पा दडवून ठेवणाऱ्याने दुसऱ्यास काय बोलावे? एवढेच सांगतो की पुष्कळदा पाते तुटले, कड निघाली, सतरंजीस डाग पडला, म्हणून माणसे लाजून वस्तू ठेवून घेतात. नवी घेऊन देऊ म्हणतात आणि राहून जाते. मोडकी असली तरी आणून द्यावी. काकड आरतीच्या वेळी भांडाराचे दार उघडे असते. जमल्यास झाऱ्यात चार साखरेचे दाणे असावेत; नसले तरी चालेल.

या महिन्यात प्रत्येक घराने तीन गोष्टी करून पाहाव्या अशी आमची नम्र विनंती आहे. पहिली, अमावास्येच्या साफसफाईत फडताळाचा तळ आणि पुस्तकांची मागची रांग पाहावी. दुसऱ्याचे म्हणून जे काही सापडेल ते त्याच आठवड्यात, जसे असेल तसे, पोचते करावे. दुसरी, कोणाचे उसने पैसे असतील तर पूर्ण जमण्याची वाट न पाहता जेवढे हाती असतील तेवढे घेऊन समक्ष जावे, आणि उरलेले केव्हा देऊ ते सांगावे. तिसरी, ज्यांनी अडचणीत आपणांस हात दिला आणि ज्यांना आपण 'एकदा निवांत भेटून' आभार मानणार होतो, त्यांना आजच चार ओळींचे पत्र लिहावे किंवा दूरध्वनी करावा. निवांत भेटीचा योग येतोच असे नाही.

आणि ज्याचे देणे आहे तो माणूसच राहिला नसेल तर? हा प्रश्न आम्ही सुरतेहून परत आल्यावर वडिलांना विचारला. ते म्हणाले, "वारसांस द्यावे. वारस नसतील तर त्यांच्या नावाने ती वस्तू कोणाच्या तरी उपयोगी पडेल असे करावे. भांडे आहे ते, त्यात कोणीतरी जेवले पाहिजे. आणि तू जे त्यांच्याकडून घेतलेस ते पुढे कोणास तरी दे. मासींनी तुला सतरा दिवस जेवू घातले, ते काय परत मिळावे म्हणून?"

सुरतेहून निघताना सूनबाईंनी वाटेसाठी थेपले दिले होते, एका लहान डब्यात. आम्ही नको नको म्हणत होतो. त्यांनी तो पिशवीत घातला आणि अगदी आपल्या सासूच्या आवाजात म्हणाल्या, "डबो क्यां भागी जवानो छे?"

तो डबा आम्ही आठ दिवसांच्या आत घासून, चिमूटभर साखर घालून, सुरतेस जाणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर परत पाठविला. त्यानंतर तिकडून उत्तरायणाला तिळाची चिक्की आली. मातोश्रींनी इकडून तिळगूळ पाठविला. वाटकी व्यवहार पुन्हा सुरू झाला आहे.

चुकले असेल ते वडीलधाऱ्यांनी पदरात घ्यावे. प्रभू आपणां सर्वांस देण्याची बुद्धी देवोच, पण घेतलेले वेळेवर परत करण्याची बुद्धी त्याहून आधी देवो, एवढे मागून हे चार शब्द पुरे करतो.

॥ शुभं भवतु ॥